ब्रॅन फक्त सात वर्षांचा आहे!

सात! अहो, फक्त सात! म्हणजे दुसरीतलं पोर! आणि बाप त्याला घेऊन निघालाय कुठे, तर एका माणसाचं मुंडकं उडवताना बघायला! बाकी सगळे उंच घोड्यांवर आणि हा आपला तट्टावर, मोठं दिसायचा आटोकाट प्रयत्न करत, आणि शेजारून सावत्र भाऊ जॉन हळूच बजावतोय की नजर वळवू नकोस, बाबांना कळेल. हा प्रसंग मी पाहिलाय. तुम्हीही पाहिलाय. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेच्या पहिल्याच भागात आहे. पण तिथे आपण लांब उभं राहून बघतो आणि पुस्तकात थेट त्या सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात जाऊन बसतो! त्याला भीती वाटतेय, ती कुणाला दिसू नये म्हणून तो ताठ बसलाय, आणि मग परतीच्या वाटेवर बर्फात ती मेलेली लांडगीण सापडते, आणि मग तिची पिल्लं, आणि मग... थांबा. थांबा, नीट सांगते.

तर मी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही पुस्तकं वाचायला घेतली. मालिका आधी बघून! पूर्ण बघून, शेवटासकट! कोण कधी कसं मरतं ते सगळं पाठ असताना! आणि तरी पुस्तक हातातून सुटत नाही. मी इंग्रजी साहित्याची अभ्यासक नाही. फँटसीची परंपरा काय, कोण कुणाच्या खांद्यावर उभं आहे, यातलं मला काही ठाऊक नाही आणि कृपा करून विचारूही नका. मला फक्त आत्ता, या क्षणी, कुणाला तरी दंडाला धरून हे सांगायचंय. तुम्ही सापडलात!

आई विचारते, "अगं, सगळं बघून झालंय ना तुझं? मग आता वाचायचं काय राहिलं त्यात?" काय राहिलं? सगळंच राहिलंय!

आधी ती पिल्लं बघा. स्टार्कांची पोरं पाच, लांडगिणीची पिल्लं पाच, आणि मग सगळे निघत असताना जॉनला बाजूला पडलेलं सहावं, पांढरंशुभ्र पिल्लू सापडतं. मालिकेतही तसंच, पुस्तकातही तसंच. पण पुस्तकात ब्रॅनच्या मनात एक बारीकशी नोंद उमटून जाते: बाकीच्या पिल्लांचे डोळे अजून मिटलेले आहेत आणि या एकट्याचेच उघडे आहेत. बस्स! एवढंच! त्यावर कुणी काही बोलत नाही, ब्रॅनही पुढे विचार करत नाही, प्रकरण संपतं. पण जॉन कोण आहे ते आपल्याला माहीत असतं ना! त्या पोराला काहीच माहीत नाही आणि आपल्याला सगळं माहीत आहे, आणि लेखकाला तर 1996 सालीच माहीत होतं! मी ते वाचलं आणि पुस्तक छातीशी धरून घरभर फेऱ्या मारत सुटले.

आणि हे ऐका. मार्टिन 1991 साली भलतंच काहीतरी लिहीत बसले होते, एक विज्ञानकादंबरी, आणि अचानक त्यांना हाच प्रसंग दिसला. उन्हाळ्यातला बर्फ, मेलेली लांडगीण आणि तिची पिल्लं. बाकी काही नाही! ही माणसं कोण, देश कुठला, काही ठरलेलं नाही! ती विज्ञानकादंबरी राहिली बाजूला, आणि मग या पिल्लांच्या मागे जाता जाता आधी वाटलं की तीन पुस्तकं होतील, आणि मग झाली पाच, आणि ठरली आहेत सात!

बरं, वयं. वयांवरून मी अजून सावरलेली नाही. ब्रॅन सात, आर्या नऊ, सान्सा अकरा. रॉब आणि जॉन चौदा! डेनेरिस तेरा! मालिकावाल्यांनी सगळ्यांची वयं वाढवली आणि ते शहाणपणाचंच होतं, तेरा वर्षांच्या मुलीचं जे होतं ते पडद्यावर कुणाला बघवलं नसतं. पण पुस्तकात ते आकडे सतत आपल्या बाजूला उभे असतात. फौज घेऊन दक्षिणेला निघालेला 'उत्तरेचा राजा' हा मिसरूड फुटणारा पोरगा आहे. भिंतीवर आलेला जॉन सारखा चिडतो, रुसतो, सगळं जग आपल्यावर अन्याय करतंय असं त्याला वाटतं, आणि मला मालिकेत तो उगाच तोंड पाडून बसलेला वाटायचा तो इथे एकदम कळला! चौदा वर्षांचा मुलगा दुसरं काय करणार?

आता खरी गंमत. या पुस्तकांत प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर फक्त एक नाव असतं. ब्रॅन. केटलिन. टिरियन. आणि ते प्रकरण संपेपर्यंत आपल्याला फक्त त्याच माणसाला दिसेल तेवढंच दिसतं, तो चुकला की आपण चुकतो, त्याला जे कळलं नाही ते आपल्यालाही कळत नाही! पहिल्या पुस्तकात सुरुवातीचं प्रास्ताविक प्रकरण धरून 73 प्रकरणं आहेत. आणि मालिकेचे भाग किती? 17 एप्रिल 2011 पासून 19 मे 2019 पर्यंत, आठ सीझन मिळून 73! निव्वळ योगायोग! मला कळतंय की योगायोग आहे! पण मी मोजलं आणि किंचाळले.

त्या 73 मधलं प्रास्ताविक सोडलं तर उरलेली 72 प्रकरणं आठ जणांत वाटलेली आहेत आणि त्यातली पंधरा एकट्या नेड स्टार्कची. पंधरा! सगळ्यांत जास्त! म्हणजे 1996 साली ज्यांनी हे पुस्तक उघडलं त्या बिचाऱ्यांना हाच नायक वाटणार, यात त्यांची काय चूक? आणि मग तो दिवस येतो, ते देवळासमोरचं मैदान, ती गर्दी, आणि ते प्रकरण नेडच्या नावाचं नाही! आर्याचं आहे! नऊ वर्षांची पोर पुतळ्यावर चढून सगळं बघतेय, आणि मग खाली उडी मारून गर्दीत घुसतेय, आणि मग योरेन तिला पकडून स्वतःशी घट्ट आवळून धरतो, बघू नकोस म्हणतो, आणि आपल्यालाही दिसत नाही! तलवार पडते तेव्हा आपल्याला काहीही दिसत नाही! फक्त गर्दीचा आवाज. मालिकेत काय होतं ते मी पाहिलेलं, तरी इथे मी त्या योरेनच्या कोपराखालून मान काढायचा प्रयत्न करत होते.

आणि रॉब! रॉबला एकही प्रकरण नाही! शून्य! मालिकेत केवढा देखणा नायक, घोडा, लांडगा, प्रेम, आणि पुस्तकात त्याच्या डोक्यात आपल्याला एकदाही जाता येत नाही. त्याची लढाई आपण लढत नाही, आपण टेकाडावर अंधारात थांबलेल्या त्याच्या आईबरोबर, केटलिनबरोबर, ती नुसती ऐकतो. त्याचं लग्न तर आपल्या नजरेआड होऊन जातं आणि तो थेट बायको घेऊनच समोर येतो. मालिकेतली ती टॅलिसा पुस्तकात नाहीच, इथे जेन वेस्टरलिंग नावाची एका लहानशा सरदारघराण्यातली मुलगी आहे. म्हणजे रॉब आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळ आईच्या नजरेतून. किती वाढलाय, दाढी कशी येतेय, डोळ्यांखाली काळं किती आलंय. आणि हे एकदा लक्षात आलं ना, की मग तिसऱ्या पुस्तकातलं ते लग्न वाचायची हिंमत होत नाही!

तुम्हाला कळलंय मी कुठल्या लग्नाबद्दल बोलतेय. तेच. 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स', सन 2000. मार्टिन यांनाही ते लिहवेना! त्यांनी सांगितलंय की बाकीचं सगळं पुस्तक लिहून झालं आणि मग अगदी शेवटी ते त्या प्रकरणाकडे वळले. लेखकाची ही गत, तर माझं काय! मी ते प्रकरण दोन पानं पुढे सरकून बघितलं, मिटलं, पाणी प्यायले, कपडे वाळत घातले, परत आले.

आणि मग वाचायला लागले आणि मला सापडलं ते वाजंत्र्यांचं! अहो, मालिकेत ते बरे वाजवतात! पुस्तकात ते भयंकर वाजवतात! केटलिनचं डोकं उठलंय, ढोल नको इतके मोठे आहेत, सूर कशाला लागत नाही, आणि ती वैतागून मनात म्हणते की काय हे वाजवणारे आणलेत. आपल्याकडे लग्नात बँड बेसूर लागला तर आपण हसून जेवायला बसतो, तशीच तीही दुर्लक्ष करते. आणि आपण? आपल्याला माहीत आहे ना की वरच्या सज्जात बसलेल्या त्या लोकांच्या मांडीखाली काय आहे! ते वाजवणारे नाहीतच! ते तिरंदाज आहेत! म्हणून सूर लागत नाहीयेत! मालिका न बघता जो हे वाचेल त्याला ते बेसूर वाजवणं नुसतं बेसूर वाटेल, आणि मालिका बघून आलेल्या माझ्यासारखीला प्रत्येक चुकलेल्या सुराला अंगावर काटा येतो. शेवट माहीत असण्याचा एवढा फायदा मला आजवर कुठल्याच पुस्तकात झाला नव्हता.

त्यात ती भाकरी आणि ते मीठ. केटलिन आधीपासून रॉबला बजावत असते की गेल्या गेल्या भाकरी आणि मीठ मागून घे, एकदा यजमानाच्या घरचं खाल्लं की तो पाहुण्याच्या केसाला धक्का लावू शकत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तर ते जास्त लागतं! तिने सगळी काळजी घेतलेली असते. सगळी! आणि मग ते गाणं सुरू होतं, आणि मग ती उठून निघालेल्या, यजमान घराण्यातल्या एका फ्रेचा दंड धरते, आणि मग रेशमी बाहीखाली तिच्या बोटांना लोखंडाच्या कड्या लागतात. चिलखत. मालिकेत ही बाही रूझ बोल्टनची होती, पुस्तकात एडविन फ्रेची आहे, पण पडद्यावर ते आपल्याला दिसलं होतं आणि इथे ते बोटांना लागतं! तो गारवा मला लागला! खरंच लागला! बाकीचं मी सांगत नाही. तिच्या हाती सापडतो तो ओलीसही वेगळा आहे आणि त्याच्या अंगावर घुंगरं आहेत, एवढंच सांगते.

आता तुम्ही म्हणाल की शेवट माहीत असलेली जागा सोडून बोल. ठीक आहे! साखळी!

ब्लॅकवॉटरची लढाई आठवते? तो हिरवा वणवा, नदीत पेटलेली गलबतं, टिरियन तटावर? मला वाटलं हे तर मला पाठ आहे. आणि मग दुसऱ्या पुस्तकात, 'अ क्लॅश ऑफ किंग्ज'मध्ये, टिरियन राजधानीत येतो आणि शहरातल्या लोहारांना कामाला लावतो. तलवारी नकोत, चिलखतं नकोत, साखळीच्या कड्या करा म्हणतो. लोहार कुरकुरतात. कशासाठी ते तो सांगत नाही. पुस्तक पुढे जातं, बाकीच्या हजार भानगडी होतात, आणि मध्येच कुठेतरी पुन्हा ती साखळी. आणि मग लढाईचा दिवस, आणि ते प्रकरण टिरियनचं नाही, शत्रूच्या गलबतावरच्या डावोसचं! डावोस जुना चोरटा खलाशी, त्याला नदीच्या मुखाशी दोन्ही काठांवर नवे कोरे बुरूज दिसतात, आणि त्याच्या मनात चुकचुकतं, आणि बाकीचं आरमार बिनधास्त आत घुसतं, आणि मग हिरवी आग, आणि ती आग मला माहीत होती हो! पण मागे पाण्यातून ती साखळी वर येते! परतीची वाट बंद! सगळं आरमार आत कोंडलेलं! हे मालिकेत नव्हतं! मी ओरडले! आई बाहेरून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "साखळी!"

मालिकेत ती का नव्हती? पैसे! इतकं सगळं उभं करायचं तर खर्च केवढा! आणि यातली गंमत बघा, तो भाग लिहिला होता स्वतः मार्टिन यांनी. त्यांनी मालिकेचे एकूण चार भाग लिहिले, 'ब्लॅकवॉटर' त्यातला एक, 2012 सालचा. आणि हा माणूस मुळात टीव्हीतूनच आलेला! 1980 च्या दशकात ते अमेरिकेत 'द ट्वायलाइट झोन' आणि 'ब्यूटी अँड द बीस्ट' या मालिकांसाठी लिहायचे, आणि दर वेळी उत्तर ठरलेलं: छान आहे, पण फार महाग पडेल, कापा. माणसं कमी करा, घोडे कमी करा. शेवटी ते कादंबरीकडे वळले आणि ठरवलं की आता हवं तेवढं मोठं लिहायचं, कुणाच्या बापाला पडद्यावर आणता येणार नाही इतकं! सातशे फूट उंच बर्फाची भिंत! शेकडो घराणी! ड्रॅगन! आणि नेमकं तेच पडद्यावर आलं! आणि तिथे साखळी कापली गेली ती खर्चापायीच! म्हणजे जे जे महागात पडलं असतं ते ते सगळं या पुस्तकांत फुकट पडलेलं आहे. नुसतं पान उलटायचं!

फुकटची लूट तर किती सांगू! लोखंडी सिंहासन मालिकेत खुर्चीएवढं, आणि पुस्तकात ते एक अजस्र, वेडंवाकडं, कुरूप धूड आहे, पायऱ्या चढून वर जावं लागतं, आणि ते बसणाऱ्याला कापतं! वेडा राजा एरिस त्यावर स्वतःला इतका कापून घ्यायचा की लोक त्याला मागून खपल्यांचा राजा म्हणायचे! आणि मग टिरियन, ज्याचा एक डोळा काळा आणि एक हिरवा आहे, आणि त्याच ब्लॅकवॉटरच्या लढाईत त्याचं जवळजवळ सगळं नाकच जातं, मालिकेतल्यासारखा गालावर एक देखणा व्रण नाही! आणि मग डारिओची दाढी निळी आहे! निळी! आणि मग स्वप्नं! मालिकेत लांडग्याच्या डोळ्यांनी फक्त ब्रॅन बघतो, पण पुस्तकात जॉनही बघतो आणि आर्याही! आर्या समुद्रापलीकडे झोपलेली असते आणि स्वप्नात तिची सोडून दिलेली लांडगीण अख्खा कळप घेऊन नदीकाठाने धावत असते! आणि मग जेवणं! हे मार्टिन जेवण लिहितात म्हणजे काय लिहितात, पंगतीतली एकेक थाळी, मांस, मासे, मधात घोळलेलं काय काय, आणि सान्साचे ते लिंबाचे केक. रात्री अकरा वाजता वाचायला घेऊ नका, स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडावे लागतात. या जेवणांचं एक वेगळं पाककृतींचं पुस्तकच 2012 मध्ये निघालंय!

पण एवढ्या सगळ्यात मला ज्याने झोप येऊ दिली नाही ते सान्साचं एक चुंबन आहे. जे झालंच नाही!

ऐका. लढाईच्या त्या रात्री सान्सा तिच्या खोलीत जाते आणि अंधारात तिथे 'हाउंड' बसलेला असतो, आगीला घाबरून पळालेला. तो तिच्याकडे गाणं मागतो, गळ्याला सुरी लावून. ती थरथरत मातेची प्रार्थना गाते, त्याच्या गालाला हात लावते, तो ओला असतो, आणि तो निघून जातो. संपलं. आणि मग तिसऱ्या पुस्तकात सान्साला ती रात्र आठवते आणि ती म्हणते की त्याने आपलं चुंबन घेतलं होतं. अं? मी थांबले. घेतलं होतं? माझं वाचायचं राहिलं की काय? मी दुसरं पुस्तक काढलं, ते प्रकरण शोधलं, बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. नाही! नाहीच आहे! आणि मग चौथ्या पुस्तकात ती पुन्हा आठवते, आणखी रंगवून! ती मुलगी स्वतःशीच आठवण रचते आहे आणि तिला पत्ताच नाही! मार्टिन यांनी सांगितलंय की हे त्यांनी मुद्दाम केलेलं आहे. आता मला सांगा, हे मालिकेत कसं दाखवणार? पडद्यावर तिच्या मनातलं दिसत नाही. आणि पुस्तकात ते नुसतं दिसत नाही, तर आपल्याला मागे जाऊन तपासता येतं! तिला नाही येत, आपल्याला येतं!

तेव्हापासून मी प्रत्येकाच्या आठवणी तपासते आहे. एक वही केली आहे.

आणि आता थिऑन. इथे जरा जवळ या, कारण हे मला हळू आवाजात सांगायचंय आणि ते मला जमणार नाही.

मालिकेत थिऑनचे हाल आपण बघितले. महिनोन् महिने बघितले. मी तर बरेचदा डोळ्यांवर हात ठेवून. पुस्तकात काय होतं? दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी तो नाहीसा होतो. गडप! तिसऱ्या पुस्तकात त्याच्या नावाचं प्रकरण नाही. चौथ्यातही नाही. सन 2000 मध्ये तिसरं आलं, 2005 मध्ये चौथं, वाचणारे वाचत राहिले आणि थिऑनचा पत्ता नाही. आणि मग 2011 च्या जुलैत पाचवं, 'अ डान्स विथ ड्रॅगन्स', आणि त्यात एका प्रकरणाच्या डोक्यावर एक भलतंच नाव: 'रीक'. अंधारकोठडी, उंदीर, एक म्हातारा झालेला, दात तुटलेला, बोटं गेलेला जीव. कोण आहे हा? आपल्याला माहीत आहे, कारण आपण मालिका पाहिली आहे. पण त्याला माहीत नाही! तो स्वतःचं नाव आठवायला घाबरतो! हाल होताना एकदाही दाखवलेले नाहीत, फक्त हाल होऊन उरलेला माणूस आतून दाखवलाय, आणि हे पडद्यावरच्या कुठल्याही सुरीपेक्षा जास्त कापतं.

आणि मग पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत जा. जा ना! त्याच्या प्रकरणांची नावं ओळीने वाचा. पहिलं 'रीक'. मग 'रीक'. मग 'रीक'. मग मराठीत सांगायचं तर 'विंटरफेलचा राजकुमार'. मग 'फितूर'. मग 'विंटरफेलमधलं भूत'. आणि सगळ्यांत शेवटी, 'थिऑन'!

'थिऑन'! त्याला त्याचं नाव परत मिळालं! अनुक्रमणिकेत! अख्खी गोष्ट अनुक्रमणिकेत लिहून ठेवली आहे आणि कुणालाही पुस्तक उघडल्या उघडल्या दिसते! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, एका अनुक्रमणिकेवर. आर्याचंही असंच, तिच्या प्रकरणांवर एक दिवस तिचं नाव यायचं बंद होतं आणि तिथे 'कालव्यांवरची कॅट' येते, 'आंधळी मुलगी' येते. सान्साच्या जागी 'अलेन' येते. माणूस स्वतःला जे समजेल ते नाव वर लागतं. आता मी कुठलंही प्रकरण सुरू करण्याआधी ते नाव बघून थबकते.

आणि जेमी लॅनिस्टर! पहिल्या दोन पुस्तकांत त्याला एकही प्रकरण नाही. ब्रॅनला खिडकीतून ढकलणारा, बहिणीबरोबर झोपणारा, राजाचा खून करणारा, आणि आपण त्याला सुखाने शिव्या घालत असतो. आणि मग तिसरं पुस्तक उघडायचं, प्रास्ताविक संपवायचं, आणि पहिल्याच प्रकरणावर लिहिलेलं असतं, 'जेमी'. बसा आता त्याच्या डोक्यात! नावेत, बेड्या घातलेला, कोठडीतून सुटल्यावर तोंडावर वारा घेणारा, आणि विनोदी! आणि मग ब्रिएन, आणि मग तो हात, आणि मग ते न्हाणीघर, जिथे तो सांगतो की त्याने राजाला का मारलं. मालिकेतही ते सुंदर होतं. पण इथपर्यंत यायला पुस्तकाने आपल्याला दोन जाडजूड खंड त्याचा द्वेष करायला लावलेला असतो.

चौथं आणि पाचवं पुस्तक थोडं दमवतं, ते मी लपवणार नाही. एकाच काळातली गोष्ट दोन पुस्तकांत विभागली आहे, माणसांप्रमाणे. त्यामुळे चौथ्यात टिरियन, डेनेरिस, जॉन यांची प्रकरणंच नाहीत आणि वाट बघून जीव जातो. पण त्यातही एक जागा अशी आहे! चौथ्यात सॅम जॉनला भेटायला जातो आणि त्याला आपला मित्र परका वाटतो, कडक, थंड, हुकूम सोडणारा. आपल्यालाही राग येतो. आणि मग पाचव्यात तेच संभाषण पुन्हा येतं, त्याच खोलीतलं, तेच शब्द, पण आता आपण जॉनच्या डोक्यात! आणि त्या थंड चेहऱ्यामागे काय चाललं होतं ते कळतं! मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडी ठेवून एकदा इथे, एकदा तिथे असं वाचलं. तुम्हीही तसंच वाचा. मोठं टेबल लागेल.

सहावं अजून आलेलं नाही. मार्टिन डॉसवर चालणाऱ्या जुन्या संगणकावर, वर्डस्टार 4.0 मध्ये लिहितात, त्यांनी तसं टीव्हीवर सांगितलं तेव्हा समोरचे हसले होते. मला नाही हसू आलं. त्यांना हवं त्यावर लिहू द्या! पाटीवर लिहू द्या! फक्त लिहू द्या!

तर आता तुमचं काम. पहिलं पुस्तक घ्या. ते प्रास्ताविक प्रकरण टाळू नका, मालिकेत पाहिलंय म्हणून तर अजिबात नाही, कारण जंगलातले ते पांढरे लोक पुस्तकात सुरकुतलेले सांगाडे नाहीत, ते सुंदर आहेत! बर्फासारखे, तलम, हलताना चिलखताचा रंग बदलणारे, आणि बोलतात तेव्हा गोठलेलं तळं तडकल्यासारखा आवाज येतो. सुंदर आहेत म्हणूनच जास्त भीती वाटते. नकाशाच्या पानाला खूण घालून ठेवा. मागे घराण्यांची परिशिष्टं आहेत, ती हाताशी असू द्या, कोण कुणाचा काका ते विसरायला होतंच. मात्र पुढच्या पुस्तकाचं परिशिष्ट आधीचं संपवल्याशिवाय उघडायचं नाही! आणि तिसऱ्या पुस्तकाच्या सगळ्यांत शेवटी एक उपसंहार आहे. मालिकेत तो नाही. मालिकेत त्याचा मागमूसही नाही! त्यातल्या शेवटच्या पानावर कोण येतं ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, आईलाही नाही, आणि ती आता दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर आहे आणि रोज विचारते. तेव्हा जरा घाई करा! तिच्याआधी तुम्ही तिथे पोचलात तर मला निदान एका माणसाशी तरी बोलता येईल!